महिनाअखेरीला वाढणारे उपवास

पत्र थोडक्यात असं आहे. जालना जिल्ह्यातल्या एका गावचा पंचवीस वर्षांचा मुलगा, दोन वर्षांपासून संभाजीनगरला जालना रोडवरच्या एका ऑफिसात नोकरीला. हातात पगार २२,००० येतो. त्यातले ६,००० घरी जातात, रूमचा वाटा ३,५००, गाडीचा हप्ता २,८००, पेट्रोल १,५०० आणि रात्रीच्या मेसचे १,८००. दुपारी मात्र पाच जणांचा ग्रुप रोज बाहेर जेवतो नाहीतर ॲपवरून मागवतो. हा १२० ची साधी थाळी घेतो पण बिल समान वाटतात, कधी १६० येतात कधी २२०, सरासरी १८० धरा. महिन्याला ४,५०० दुपारच्या जेवणातच जातात. शेवटच्या आठवड्यात पैसे संपतात तेव्हा तो 'आज उपवास आहे' सांगून खुर्चीत बसून राहतो आणि पाचला वडापाव खातो, ॲसिडिटी सुरू झालीय. मेसवाल्या काकू दोन वेळचे ३,२०० घेतात आणि सकाळी ९ ला डबा भरूनही देतात, पण ऑफिसात डबा आणणारे म्हणजे दोन वयस्कर मॅडम आणि शिपाई काका, आपण त्यांच्यात बसलो तर ग्रुप तुटेल, आणि साहेबही कधीकधी ग्रुपबरोबर जेवायला येतात तर ती ओळखही जाईल, अशी त्याला भीती. आई म्हणते एसटीनं डबा पाठवते, त्याला ते नको वाटतं. तो विचारतो, ताई, पगार वाढेपर्यंत असंच ओढत राहू का?

तू ताई म्हणालास म्हणून मी सरळ अरे-तुरे करते, राग मानू नको.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हिशोबाच्या आधी त्या उपवासांपाशीच अडकले. गुरुवारचा एक, शनिवारचा एक, मग चतुर्थी, आणि तू लिहिलंयस की आता ऑफिसातले लोक तुला खूप देवभोळा समजतात. अरे लेकरा, पंचवीस वर्षांचं पोरगं दुपारभर उपाशी बसून कॉम्प्युटरवर आकडे भरतंय आणि शेजारच्या टेबलावरून बिर्याणीचा वास येतोय, हे वाचून मला कसंतरी झालं. तेव्हा तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाही, असंच ओढायचं नाही. पगार वाढायची वाट बघायची पण गरज नाही. आणि ॲसिडिटी गोळ्या खाऊन दाबत असशील तर ते थांबव, एक दिवस अर्धी सुट्टी टाकून घाटीत, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात दाखवून ये.

आता तुझा हिशोब. तू लिहिलंस 'जेवणावर ४,५०० जातात'. मी हे जरा तपासून बघितलं. तुझी थाळी १२० ची, दिवस २५, म्हणजे तुझ्या पोटात गेलं ३,००० चं. उरलेले १,५०० कुठं गेले? ते दुसऱ्यांनी मागवलेल्या पनीरचे, स्टार्टरचे, मागवलेल्या नसलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे आहेत. कॉन्ट्री समान काढायची पद्धत तेव्हाच बरी असते जेव्हा सगळे साधारण सारखं खातात आणि सारखं कमावतात. तुमच्यात ते दोन्ही नाहीये, तूच लिहिलंयस की दोघांची घरं इथंच शहरात आहेत, त्यांना ना भाडं ना घरी पाठवायचंय. त्यांची चूक नाही यात, त्यांना माहितीच नाही. पण महिन्याला १,५०० म्हणजे तुझ्या गाडीच्या अर्ध्या हप्त्याच्या वर झाले, आणि हे गेले फक्त 'माझं वेगळं लाव' हे तीन शब्द तोंडातून निघत नाहीत म्हणून.

हे शब्द बोलायची एक सोपी वेळ असते, ऑर्डर देताना. बिल आल्यावर नाही, बिल आल्यावर बोललं की भांडण केल्यासारखं वाटतं. बसल्याबसल्या वेटरला सांगायचं, 'माझी थाळी वेगळ्या बिलावर', आणि मित्रांना म्हणायचं 'आजपासून माझं टीटीएमएम रे, तू तुझं मी माझं, महिन्याचं गणित बसवतोय.' कारण विचारलं तर खरंच सांग की घरी पैसे पाठवतो. ज्याला यात हसण्यासारखं वाटेल त्याच्यासाठी तू दोन वर्षं कॉन्ट्री भरलीस हे तरी कळेल तुला. पण मला नाही वाटत कुणी हसेल. तूच पत्रात एक गोष्ट जाता जाता लिहून गेलास, की ग्रुपमधला एक जण 'पगार झाल्यावर देतो' म्हणतो आणि दर महिन्याला दुसऱ्याकडून भरून घेतो. त्याचंही गणित बसत नाहीये बाबा. तू टीटीएमएम म्हणालास तर पहिला सुटकेचा श्वास तोच टाकेल.

आता डब्याबद्दल बोलू. तुला वाटतं डबा म्हणजे गावठीपणा, म्हाताऱ्या माणसांचं काम, आणि बाहेर जेवणं म्हणजे शहरात रुळणं. हे तुझ्या डोक्यात कुठून आलं माहीत नाही पण हे उलटं आहे. मुंबईएवढं मोठं शहर नाही आपल्याकडं, आणि तिथं १८९० पासून डबेवाले लोकांच्या घरचा डबा ऑफिसात पोचवतायत. तो धंदा उभा राहिला तोच मुळात शहरातल्या ऑफिसात जाणाऱ्या नोकरदारांसाठी. तेव्हा डबा आणल्यानं तू गावाकडचा ठरत नाहीस, आणि ठरलास तरी काय बिघडलं, तू आहेसच गावाकडचा.

आणि शिपाई काकांसोबत बसायचं म्हणजे खाली उतरल्यासारखं वाटतं, हे तू सरळ लिहिलं नाहीस पण ओळीओळीत आहे. हे मला खटकलं, म्हणून जरा स्पष्ट बोलते. तुझे वडील उद्या तुझ्या ऑफिसात आले तर ते कुणाबरोबर बसतील रे, साहेबांबरोबर की काकांबरोबर? काका किती वर्षं आहेत तिथं, कोणत्या साहेबाची बदली कधी झाली, कुठल्या डिपार्टमेंटला माणूस लागणार आहे, हे सगळं त्यांना तुझ्या ग्रुपच्या आधी माहीत असतं. त्या फायद्यासाठी बस असं मी म्हणत नाहीये, बस आणि जेव, एवढंच. एक वाटी भाजी इकडून तिकडं गेली की आठ दिवसांत तुला तिथं परकं वाटायचं बंद होईल.

तरी साहेबांच्या ओळखीचा तुझा मुद्दा मी उडवून लावणार नाही. जेवताना माणूस मोकळा बोलतो, कुणाला कुठं जागा मिळाली हे अशाच टेबलावर कळतं, नव्या पोरांना त्याचा उपयोग होतो. पण त्यासाठी २५ दिवस जायला लागतं का? साहेब महिन्यातून किती वेळा येतात ते तू 'कधीकधी' लिहिलंस, म्हणजे दोन-तीनदा असेल. आठवड्यातला एक दिवस धर, शुक्रवार म्हण, त्या दिवशी ठरवून बाहेर जा, मनापासून जा, टीटीएमएम करून जा, आणि जमलं तर बिर्याणीही खा. आदल्या रात्री काकूंना सांगून ठेव उद्या डबा नको. बाकी दिवस डबा. दुपारच्या डब्याचे काकू १,४०० जास्त घेतात, महिन्यात चार-पाच शुक्रवारांचे ६०० धर, झाले २,०००. तुझे ४,५०० होते. महिन्याला २,५०० वाचले आणि एकही दिवस उपाशी बसायचं नाही. वर्षाचे ३०,००० होतात, पण मला वर्षापेक्षा तुझा तो शेवटचा आठवडा महत्त्वाचा वाटतो.

आणि ग्रुप तुटेल ही भीती असेल तर चहा आहे ना. डबा पंधरा मिनिटांत खाऊन होतो, मग टपरीवर जाऊन त्यांना गाठ, दहा रुपयांत तेवढ्याच गप्पा होतात.

आता एसटीचा डबा. इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण हा विषय माझ्या जवळचा आहे. मी लातूरला अकरावी-बारावीला होते तेव्हा माझा डबा एसटीनं यायचा. आमच्या गावची गाडी साडेदहाला स्टँडवर लागायची, ड्रायव्हरच्या मागं सात-आठ डबे कापडात बांधलेले, प्रत्येकावर ऑइल पेंटनं नाव, आणि आम्ही पोरं-पोरी कंडक्टर काकांभोवती गोळा. माझ्या डब्यावर वडिलांचं नाव होतं. भाकरी, वांग्याची नाहीतर हरभऱ्याच्या डाळीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, तेच दोन्ही वेळेला पुरवायचं. दीड वर्ष मी तो डबा खाल्ला आणि मला वाटायचं की आई स्वयंपाक करतेच, त्यातलं दोन भाकरी जास्त. दिवाळीला घरी गेले तेव्हा पहाटे चारला चुलीच्या धुरानं जाग आली. आई माझा डबा नसतानाही सवयीनं उठली होती. मग विचारलं तेव्हा कळलं, सहाची गाडी गाठायची म्हणून ती रोज चारला उठायची, आणि वडील डबा घेऊन फाट्यापर्यंत दोन किलोमीटर चालत जायचे, पावसात सुद्धा. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

म्हणून तू आईला नको म्हणतोस ते मला कळतं. आपल्याकडं हजारो लेकरं अशा डब्यावर शिकली, दुष्काळात तर मेसचे पैसे नव्हते म्हणून शिकली, पण तेव्हा दुसरा इलाज नव्हता आणि तुझ्याकडं आहे. वर मार्च-एप्रिलपासून आपल्याकडचं ऊन काय असतं तुला माहीत आहे, मे महिन्यात बंद डब्यातली भाजी स्टँडवर येईपर्यंत आंबते. रोजचा डबा नकोच. पण आईला नुसतं नको म्हणून गप्प बसवू नको, तिला काहीतरी करायचंय, तर तिला टिकणारं सांग. येसर म्हणजे आमटीसाठीचं भाजक्या धान्या-मसाल्याचं पीठ सांग, जवसाची आणि कारळ्याची चटणी सांग, शेंगदाण्याची सांग, लोणचं सांग. पंधरा दिवसांतून एकदा पिशवी आली की मेसच्या बेचव भाजीलाही चव येते. ज्वारीचं पीठ मात्र थोडंच मागव, जास्त दिवस ठेवलं की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. अर्थात भाकरी तुला येत असेल तर.

रूमवर स्वतः करण्याबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, मालक गॅस ठेवू देत नाही आणि सकाळी वेळ नसतो. मग सोड तो नाद. लोक फार सहज सांगतात 'घरी बनवून खा', पण एकट्या माणसानं बाजार, भांडी, स्वयंपाक सगळं करून ९ ला निघायचं म्हणजे आठ दिवसांत उत्साह संपतो आणि नवव्या दिवशी पुन्हा ॲप उघडतं. ज्यांच्याकडं इंडक्शन चालतं आणि रूम पार्टनर तयार आहे त्यांनी जरूर करावं, येसराची आमटी आणि भात अर्ध्या तासात होतो. सुरुवातीला नुसता भात-वरण रूमवर करून पोळ्या किंवा भाकरी पोळी-भाजी केंद्रातून घ्याव्या, आता प्रत्येक कॉलनीत एखादी बाई हे काम करते. तुझ्यासाठी मात्र काकूंचा डबाच बरा.

ॲपबद्दल एक गोष्ट करून बघ. ज्या हॉटेलातून तुम्ही मागवता तिथं एकदा जाऊन मेनू कार्डाचा फोटो काढ आणि ॲपवरचा भाव शेजारी ठेव. बऱ्याच हॉटेलांचा ॲपवरचा भाव वेगळाच, जास्त असतो, कारण ॲपचं कमिशन हॉटेलवाल्याला कुठून तरी काढायचंच असतं, त्यावर पॅकिंग, त्यावर प्लॅटफॉर्म फी, त्यावर डिलिव्हरी, त्यावर जीएसटी. 'साठ रुपये ऑफ' दिसतं ते या सगळ्याच्या नंतर. मागवायचंच असेल एखाद्या पावसाळी दिवशी तर पाच जणांची एकच ऑर्डर करा, पाच वेगळ्या नाही.

आणि हॉटेलातलं बिल वाचत जा, नुसता खालचा आकडा बघून पाचानं भागू नका. जेवणावर जीएसटी साधारण ५ टक्के, म्हणजे तुझ्या थाळीवर ६ रुपये. छोट्या हॉटेलनं कंपोझिशन स्कीम, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी पद्धत, घेतली असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, तसं त्याच्या बिलावर छापलेलं असतं. सर्व्हिस चार्ज तर द्यायलाच पाहिजे असं काही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं की तो बिलात आपोआप जोडायचा नाही, आणि दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. लावला असेल तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पाण्याची बाटली टेबलावर आल्या आल्या परत दे आणि जगमधलं साधं पाणी माग, २० रुपये रोजचे म्हणजे महिन्याचे ५०० होतात, काकूंच्या डब्याच्या पैशातला तिसरा हिस्सा.

अजून एक सांगते आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांनाच सांगते. कधी खिशात खरंच काही नसेल तर शिवभोजन केंद्र शोध. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली, १० रुपयांत दोन पोळ्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात. जवळचं केंद्र चालू आहे का आणि किती वाजेपर्यंत थाळी मिळते ते आधी बघून ठेव, कारण थाळ्या संपतात. मी शिकत असताना १९९५ ला राज्यात १ रुपयाची झुणका-भाकर आली होती, स्टँडजवळच्या केंद्रावर रिक्षावाले, हमाल, आम्ही विद्यार्थी एकाच रांगेत उभे राहायचो. मला त्या रांगेची लाज तेव्हाही वाटली नाही. खोटा उपवास सांगण्यापेक्षा ती रांग कितीतरी बरी.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला कंपनीत असणाऱ्यांची पण पत्रं येतात म्हणून त्यांच्यासाठी. कारखान्यात कँटीन देणं हे मालकाचं उपकार नसतं, १९४८ च्या कारखाने कायद्यातच २५० पेक्षा जास्त कामगार असतील तर कँटीनची तरतूद आली होती. दुकानं आणि ऑफिसांसाठी राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यात १०० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी कँटीनचं सांगितलंय. तुझं ऑफिस तेवढं मोठं नसेल, पण एक स्वच्छ टेबल, चार खुर्च्या आणि डबा गरम करायला मायक्रोवेव्ह मागायला काय हरकत आहे? एकट्यानं मागू नको, त्या दोन मॅडमना सोबत घे, त्या इतकी वर्षं थंड डबा खातायत, त्यांनी हे कधीच मागितलं असेल आणि कुणी ऐकलं नसेल.

शेवटी घरचं. आई रोज फोनवर 'जेवलास का' विचारते आणि तू 'हो' म्हणतोस, शेवटच्या आठवड्यात सुद्धा. ६,००० पाठवणं थांबव असं मी अजिबात म्हणत नाहीये, वडिलांचं पीककर्ज आहे, मोंढ्यात सोयाबीनला काय भाव मिळतो ते मला दिसतं. पण त्यांना तुझा पगार माहीत आहे, खर्च माहीत नाही. रूम, हप्ता, पेट्रोल, मेस, एकदा कागदावर लिहून वडिलांना दाखव. तू 'पैसे उडवतो' असं ते मागं म्हणाले आणि तुला लागलं, हे तू लिहिलंयस, पण त्यांच्यापुढं आकडेच नव्हते तर ते दुसरं काय म्हणणार. एखाद्या महिन्यात दवाखाना निघाला, गाडीचं टायर गेलं, तर त्या महिन्यात ५,००० पाठवतो असं आधी बोलून ठेवलेलं असलं म्हणजे कुणाकडून उसने घ्यायची वेळ येत नाही. वडिलांना हे समजतं रे, ज्यानं आयुष्यभर पावसाच्या भरवशावर घर चालवलं त्याला कमीजास्त महिना काय असतो हे तू शिकवायची गरज नाही.

या एक तारखेला पगार झाला की आधी काकूंना दोन वेळचे ३,२०० देऊन टाक, बाकीचं काही सुरू व्हायच्या आत, म्हणजे माघार घ्यायला जागा राहणार नाही. आणि डबा घेताना स्टीलचा घे, तीन पुडाचा, क्लिप ओढून बघ घट्ट बसते का, आणि दुकानातच पाणी भरून उलटा धरून बघ. बॅगेत वरण सांडलं तर तो वास महिनाभर जात नाही आणि दुसऱ्याच दिवशी तू पुन्हा बाहेर जेवायला जाशील.